देव्हाऱ्यातले तांबे

लक्ष्मीपूजन आले की अमरावती-अकोल्याकडच्या जुन्या घरांतून ठेवणीतले पैसे बाहेर निघतात आणि चिंचेने घासून लख्ख केले जातात. यंदा वाचकांनी चिंच बाजूला ठेवावी व नाणे आधी भिंगाखाली धरावे.

त्यांत शिवराई असली तर एका अंगास ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगास ‘छत्र पति’ दिसेल. ही हाताने ठोकलेली. ठसा चकतीहून मोठा, म्हणून अक्षरे कापली जाणे हा तिचा स्वभावच. तो दोष नव्हे. अनेक टांकसाळींत ती दीर्घकाळ पडत राहिली, त्यामुळे कोठे ‘शीव’, तर कोठे ‘सिव’ असेही आढळते. जाणकार या अक्षरांवरूनच तिचे प्रकार लावतात.

१८५३ साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. त्यांचा पैसा यंत्रावरचा, सारा एकसारखा; म्हणून तेथे चूक मोलाची. १९११ साली पंचम जॉर्जच्या पोशाखावरचा हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसला. मुसलमान प्रजेत असंतोष माजला, रुपये परत घेतले गेले आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. तोच हत्ती त्या सालच्या कांस्याच्या पैशावरही आहे!

मात्र टांकसाळीत झालेली चूक वेगळी आणि नंतर पडलेला चरा वेगळा. पहिलीला किंमत आहे, दुसऱ्याला नाही. चिंचेने घासलेले नाणे चकाकते खरे, पण संग्राहकाच्या लेखी ते उतरते. तेव्हा मऊ फडक्याने नुसते टिपून पूजेत मांडावे. लक्ष्मी तेवढ्याने रुसणार नाही.