आखूड डोलकाठीचे शहाणपण

शिडाचा पसारा जितका मोठा तितका नौकेचा दिमाख मोठा, अशी समजूत असते. परंतु एकट्याने हाकावयाच्या लहान नौकेस ती घातक ठरते. याचा दाखला आम्हांस जोशुआ स्लोकम या खलाशाच्या प्रवासात मिळतो. सुमारे ३७ फूट लांबीच्या आपल्या ‘स्प्रे’ नौकेतून तो २४ एप्रिल १८९५ रोजी बोस्टनहून पृथ्वीप्रदक्षिणेस एकटाच निघाला. पुढे मॅगेलनच्या सामुद्रधुनीतील झंझावात होते. म्हणून १८९६ मध्ये ब्युनॉस आयर्स येथे त्याने डोलकाठी ७ फूट आणि नाळेपुढे गेलेला वासा सुमारे ५ फूट तोडला. सामुद्रधुनीत पिछाडीस छोटी डोलकाठी उभारली. त्यामुळे मुख्य शीड लहान करता आले व वाऱ्याच्या रोखाने जाताना नौका सुकाणूस अधिक मानू लागली. वारा पाठीमागून असता मात्र हे मागचे शीड तो गुंडाळून ठेवी.

२७ जून १८९८ रोजी प्रदक्षिणा पूर्ण झाली. तरीही वाशाच्या टोकाशी जाऊन शीड आवरताना, तो आणखी एक फूट तोडावयास हवा होता अशी हळहळ त्यास अनेकदा वाटली, असे त्याने आपल्या १९०० च्या ग्रंथात नमूद केले आहे. ज्याचा जीव पणास लागतो त्याच्या हातांचा आवाका, हेच शिडाचे खरे माप होय, असे आम्हांस वाटते.