पाणी आत येऊ नये, वायू आत राहू नये : बोटीवरील बॅटरीचा इतिहास

पंचगंगेचे पाणी चढू लागले की हातकणंगले तालुक्यातील रुई-इंगळीचा शेतकरी प्रथम नदीकाठची मोटार वर काढतो. वारणेकाठी निलेवाडीलाही तेच. मोटार, स्टार्टरची पेटी, केबल हे सारे पाण्याच्या आधी उंचावर गेले पाहिजे. वीज आणि पाणी एकत्र आले की काय होते, हे नदीकाठच्या गावांना कोणी शिकवावे लागत नाही.

मग ज्या नावेची मोटारच विजेची, आणि जिला वर काढून ठेवण्याची सोय नाही, तिची बॅटरी माणसाने कशी सांभाळली? या प्रश्नाला पावणेदोनशे वर्षांहून जुना इतिहास आहे आणि त्यातील एक दुःखद प्रकरण मुंबईजवळच्या समुद्रात घडलेले आहे.

१८३८ मध्ये मोरिट्झ याकोबी याने सेंट पीटर्सबर्ग येथे नेवा नदीवर बॅटरीच्या बळावर नाव चालवून दाखवली. १८८१ मध्ये गुस्ताव्ह त्रूव्हे याने पॅरिसमध्ये सीन नदीवर तसाच प्रयोग केला. मात्र या नावांतील बॅटरी संपली की रसायने बदलावी लागत. पुन्हा पुन्हा चार्ज होणारी शिसे-आम्ल बॅटरी गास्तों प्लान्ते याने १८५९ मध्ये शोधली होती. तिचा उपयोग करून १८८२ मध्ये लंडनच्या थेम्सवर ‘इलेक्ट्रिसिटी’ नावाची लाँच धावली. तिच्यात ४५ सेल होते. धूर नाही, आवाज नाही. श्रीमंतांच्या नौकाविहारासाठी अशा लाँच पुढे बऱ्याच लोकप्रिय झाल्या.

उघड्या लाँचमध्ये एक गोष्ट कोणाच्या फारशी लक्षात आली नाही. शिसे-आम्ल बॅटरी चार्ज होत आली की तिच्यातील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन सुटतो. थेम्सवरच्या वाऱ्यात तो उडून जाई. पण १८९९ मध्ये अमेरिकेत आयझॅक राइस याने लाँच बनवणारी कंपनी आणि जॉन हॉलंड याची पाणबुडी कंपनी एकत्र करून ‘इलेक्ट्रिक बोट कंपनी’ स्थापन केली आणि तीच बॅटरी बंद पोलादी नळकांड्यात जाऊन बसली. तेथे वारा नव्हता. (हाच राइस बॅटरी बनवणाऱ्या एका बड्या कंपनीचाही प्रमुख होता. त्या कंपनीने लवकरच जे व्यापारी नाव घेतले ते आज कोल्हापुरातल्या कोणत्याही गॅरेजात वाचायला मिळते : एक्साईड.)

पाणबुडीतील बॅटरीचा पेच येथून सुरू होतो. हवेत ४ टक्क्यांच्या आसपास हायड्रोजन साचला की एक ठिणगी पुरते. म्हणजे बॅटरीचा कप्पा मोकळा हवा, पंख्याने हवा खेळती हवी. परंतु त्याच कप्प्यात समुद्राचे पाणी शिरले, तर मिठातला क्लोरीन विषारी वायू होऊन बाहेर पडतो. म्हणजे कप्पा घट्ट बंदही हवा. दोन्ही एकाच वेळी कसे साधायचे?

थॉमस एडिसनला वाटले की उत्तर आपल्याकडे आहे. त्याच्या निकेल-लोखंड बॅटरीत आम्लाऐवजी अल्कली होती. त्यामुळे क्लोरीनचा धोका उरणार नाही, असा त्याचा दावा होता. अमेरिकन नौदलाने ती ‘ई-२’ या पाणबुडीत बसवली. १५ जानेवारी १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या नौदल गोदीत तिची चाचणी सुरू असताना साचलेल्या हायड्रोजनचा स्फोट झाला आणि माणसे मृत्युमुखी पडली. नौदलाचा रोख बॅटरीवर होता. एडिसनच्या बाजूने वायुविजनाला दोष देण्यात आला. खरे तर दोघेही एकच गोष्ट दोन टोकांनी सांगत होते. एका वायूपासून वाचवणारी बॅटरी दुसऱ्या वायूच्या हाती सापडली होती.

भारतीय नौदलाने ८ डिसेंबर १९६७ रोजी ‘कलवरी’ ही पहिली पाणबुडी घेतली, तेव्हा हा पेचही तिच्यासोबत आला. पुढे मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये ‘शाल्की’ बांधली गेली आणि १९९२ मध्ये नौदलात दाखल झाली. याच गोदीत घडलेल्या नव्या ‘कलवरी’त (२०१७) ३६० सेल आहेत, प्रत्येकाचे वजन ७५० किलो. केवळ बॅटरीचाच भार २७० टनांचा. पाणी मारण्याच्या डब्यापासून हायड्रोजन मोजणाऱ्या यंत्रापर्यंत या सेलांची देखभाल हा पाणबुडीवरील रोजचा, कंटाळवाणा आणि प्राणांशी गाठ असलेला उद्योग आहे.

फेब्रुवारी २०१० मध्ये विशाखापट्टणम येथे ‘सिंधुरक्षक’वर बॅटरीच्या सदोष झडपेतून गळलेल्या हायड्रोजनने स्फोट होऊन एका नौसैनिकाचा मृत्यू झाला. हीच पाणबुडी १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत स्फोट होऊन बुडाली. १८ जण गेले. समाजमाध्यमांवर या दोन घटना सर्रास एकत्र केल्या जातात. ते बरोबर नाही. २०१३ चा मोठा स्फोट पाणबुडीवरील शस्त्रसाठ्याचा होता. आधीच्या अपघाताच्या आठवणीने बॅटरीवर संशय गेला, इतकेच.

असाच सावधपणा ‘सिंधुरत्न’बाबत हवा. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी मुंबईजवळच्या समुद्रात चाचण्या सुरू असताना तिच्या तिसऱ्या कप्प्यात धूर झाला. धूर पसरू नये म्हणून कप्पा बंद करण्यात आला. लेफ्टनंट कमांडर कपिश मुवाल आणि लेफ्टनंट मनोरंजन कुमार हे दोन अधिकारी आतच राहिले आणि मृत्यू पावले. नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून त्याच दिवशी राजीनामा दिला. वृत्तपत्रांत चर्चा रंगली जुन्या बॅटऱ्यांची. चौकशीचे बोट मात्र केबलींकडे गेले. बंद जागेत विजेची आग लागली की पाणबुडीकडे शेवटी दार लावून घेण्याचाच मार्ग उरतो. ते दार कोणाच्या बाजूला बंद होते, यावर माणसांचे प्राण ठरतात.

लिथियम बॅटरी आली आणि हा इतिहास संपला असे अनेकांना वाटले. नेहमीच्या वापरात तिच्यातून हायड्रोजन सुटत नाही. मग पेटी पूर्ण बंद करा आणि निश्चिंत व्हा! पण पेटी पूर्ण बंद केली की दिवसाच्या उष्णतेने आतली हवा फुगते, रात्री आक्रसते आणि जेथे फट सापडेल तेथून ओलसर हवा ओढून घेते. काही काळाने आत दव साचते. म्हणून चांगल्या पेटीला एक बारीक छिद्र ठेवून त्यावर हवा जाऊ देणारा, पाणी अडवणारा पातळ पडदा बसवतात. शिवाय एखादा सेल बिघडून तापला, तर तो ज्वलनशील वायू ओकतो आणि शेजारच्या सेललाही पेटवतो. त्या वायूला उघड्या डेकवर नेणारी वाट वेगळी ठेवावी लागते. जुना पेच नव्या रसायनासह परत आला तो असा.

नॉर्वेतील ‘ब्रिम’ या पर्यटक बोटीने ११ मार्च २०२१ रोजी ते दाखवून दिले. बॅटरीच्या कप्प्याला हवा मिळावी म्हणून ठेवलेल्या वाटेनेच बहुधा समुद्राचे पाणी आत गेले, असा निष्कर्ष तेथील चौकशीत निघाला. आतील बॅटरीची पेटी पाण्यासाठी पुरेशी बंदिस्त नव्हती. आग लागली, बोटीवरील चौघे वाचले.

भारतात या काळात केरळ पुढे गेला. ‘आदित्य’ ही सौर फेरीबोट जानेवारी २०१७ मध्ये वैकम येथे सुरू झाली आणि कोची वॉटर मेट्रो एप्रिल २०२३ मध्ये. कोचीने अधिक वजन सोसून लिथियम टायटॅनेट निवडले. हे रसायन तापून पेटण्याचा धोका कमी. ‘आदित्य’ घडवणाऱ्या केरळच्या कंपनीनेच माझगाव डॉकसाठी ‘बॅराकुडा’ ही १२ प्रवाशांची सौर-विद्युत बोट बांधली. ‘शाल्की’पासून शिसे-आम्लाच्या सेलांशी झुंजलेल्या गोदीच्या दारी आता लिथियमची पेटी आली आहे.

अशा पेट्यांवर अनेकदा ‘आयपी ६७’ असे लिहिलेले असते. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा : पेटी १ मीटर पाण्यात ३० मिनिटे बुडवली तरी आत अपायकारक पाणी शिरत नाही. ही चाचणी गोड्या पाण्यात घेतात.