लिंक बिल्डिंगला खर्च किती येतो? एजन्सीचं कोटेशन वाचायचं कसं?

वेबसाइट सुरू करून दोन-तीन महिने झाले, की इनबॉक्समध्ये एक ठरावीक ईमेल येतो: डीए 50 प्लस, 100 बॅकलिंक्स, फक्त 5,000 रुपयांत. चौकशी म्हणून तुम्ही दुसऱ्या एजन्सीला फोन लावता, तर ती महिन्याला चार लिंक्सचे 40,000 रुपये सांगते. म्हणजे एकाकडे लिंक 50 रुपयांना आणि दुसऱ्याकडे 10,000 ला. दोघांच्या बिलावर शब्द मात्र तोच, लिंक बिल्डिंग.

अशा वेळी बरेच जण मधला मार्ग काढतात. तिसऱ्या कोणाकडून तरी 15,000 ला पॅकेज ठरवतात आणि मोकळे होतात. पण हे कांद्याच्या भावासारखं नाही. इथे दोन ठिकाणी दोन वेगळ्या वस्तू विकल्या जात आहेत. कोटेशनमधला आकडा नेमका कशाचा आहे, हे समजल्याशिवाय तो स्वस्त की महाग ते ठरवताच येत नाही. आजच्या लेखात आपण तेच बघणार आहोत. समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू: रत्नागिरीचा एक बागायतदार, जो हापूसच्या पेट्या स्वतःच्या वेबसाइटवरून विकतो.

लिंकला भाव आला कुठून?

1998 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनी पेजरँक नावाची पद्धत मांडली. कल्पना साधी होती. एका पानाने दुसऱ्या पानाला लिंक दिली, म्हणजे एक प्रकारे त्याची शिफारस केली. आणि ज्याची स्वतःची शिफारस भरपूर लोकांनी केली आहे, त्याच्या शब्दाला वजन जास्त. गुगल याच पायावर उभं राहिलं. आज गुगल इतर कितीतरी गोष्टी बघतं, पण लिंक्सही बघतंच. शिफारशीला किंमत आहे म्हटल्यावर ती विकणारे येणारच, आणि तसे ते आले.

बिलात काय काय असतं?

आधी 40,000 वाल्या एजन्सीचं गणित मांडून बघू. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, तुमच्या शहरात थोडे इकडेतिकडे होतील.

समजा, या कामावर एक माणूस बसवला आहे आणि त्याचा पगार महिना 30,000 आहे. 25 दिवस, रोज 8 तास, म्हणजे 200 तास. तासाला 150 रुपये पडले. हा माणूस दिवसभर काय करतो? आंबा, कोकण पर्यटन, खाद्यपदार्थ, शेती अशा विषयांवरच्या साइट्स शोधतो. त्यातल्या चालू कोणत्या आणि बंद पडलेल्या कोणत्या ते बघतो. संपादकाचा ईमेल मिळवतो, पत्र लिहितो, उत्तर आलं नाही की पुन्हा लिहितो. बहुतेकांकडून उत्तर येतच नाही. ज्यांचं येतं, त्यातले निम्मे पैसे मागतात. उरलेल्यांना त्यांच्या वाचकांना उपयोगी पडेल असा लेख हवा असतो. तो लिहिण्याचे वेगळे पैसे. चार लेखांचे 6,000 धरू. लिंक्स तपासण्याची जी टूल्स लागतात, त्यातल्या नावाजलेल्यांचं भाडं महिन्याला 100 डॉलरच्या वर जातं. ते अनेक ग्राहकांत वाटलं जातं, तरी तुमच्या वाट्याला 4,000 आले असं समजा. झाले 40,000. यातून महिन्याला चार चांगल्या लिंक्स मिळाल्या तर एक पडली 10,000 ला, आठ मिळाल्या तर 5,000 ला. एजन्सीचा नफा अजून यात धरलेलाच नाही. असा माणूस तीन-चार ग्राहकांचं काम एकत्र करतो, म्हणून एजन्सीला परवडतं.

आता हेच गणित उलटं लावून 50 रुपयांच्या लिंककडे बघा. तासाला 150 रुपये या दराने 50 रुपयांत त्या माणसाची बरोबर 20 मिनिटं येतात. 20 मिनिटांत साइट शोधून, संपादकाशी बोलून, लेख लिहून, तो छापून आणणं कोणालाही जमणार नाही. म्हणजे तिथे माणूस नाहीच. एक तर सॉफ्टवेअर कुठल्या तरी फोरमवर, कमेंटमध्ये, डिरेक्टरीत लिंक्स टाकत सुटलं आहे, नाहीतर विकणाऱ्याच्या स्वतःच्याच 200-300 साइट्स आहेत. मुदत संपलेली जुनी डोमेन्स विकत घेऊन, त्यावर कसेबसे लेख भरून हे जाळं उभं केलेलं असतं. या धंद्यात त्याला पीबीएन म्हणतात. तिथे तुमची लिंक टाकायला खरोखरच पाच मिनिटं लागतात, आणि तिथे वाचक म्हणून कोणी येत नाही.

कोटेशनवर जीएसटी धरला आहे का, तेही विचारून घ्या. 18 टक्के लागला की 40,000 चे 47,200 होतात. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, त्यामुळे आपल्या बागायतदाराला हे 7,200 इनपुट क्रेडिट म्हणून परत मिळणार नाहीत. हा सरळ खर्चच. डॉलरमध्ये पैसे द्यायचे असतील तर बँकेचा आकार वेगळा.

साइटवाल्याला द्यायचे पैसे

अनेक कोटेशन्समध्ये माणसाच्या तासांपेक्षा मोठा भाग असतो तो साइटच्या मालकाला जाणाऱ्या फीचा. अहरेफ्स या टूल बनवणाऱ्या कंपनीने काही वर्षांपूर्वी साइटवाल्यांना थेट ईमेल करून भाव विचारले होते. तेव्हा लेखात लिंक टाकण्याचा सरासरी भाव साधारण साडेतीनशे डॉलर निघाला आणि पैसे देऊन गेस्ट पोस्ट छापण्याचा 80 डॉलरच्या आसपास. हे इंग्रजी साइट्सचे भाव. मराठी साइट्सचे त्यापेक्षा बरेच कमी असतात, काही जण तर चांगला लेख दिला तर काहीच घेत नाहीत.

इथे एक गोष्ट एजन्सी सहसा सांगत नाही. रँकिंग वाढवण्यासाठी लिंक विकत घेणं किंवा विकणं हे गुगलच्या स्पॅम धोरणात सरळसरळ बसत नाही. पैशांऐवजी आंब्याची पेटी पाठवली, तरी ते त्यातच मोडतं. मग जाहिरात करायचीच नाही का? करायची की! पैसे देऊन छापलेल्या लेखातल्या लिंकला नोफॉलो किंवा स्पॉन्सर्ड असा टॅग लावला, तर गुगलची काही हरकत नाही. नोफॉलो 2005 पासून आहे, स्पॉन्सर्ड हा टॅग 2019 मध्ये आला. मात्र असा टॅग लागलेल्या लिंककडून रँकिंगची आशा धरायची नाही. मग तिचा भाव वर्तमानपत्रातल्या जाहिरातीसारखाच ठरवायचा: हे पान किती लोक वाचतात, त्यातले आंबे घेणारे किती?

डीएच्या आकड्यावर जाऊ नका

रेट कार्ड बहुतेक वेळा असं असतं: डीए 30 ची लिंक 1,500, डीए 50 ची 4,000, डीए 70 ची 10,000. वाचणाऱ्याला वाटतं हा गुगलने दिलेला नंबर असावा. तसं नाही. डोमेन अथॉरिटी हा मॉझ नावाच्या खासगी कंपनीचा अंदाज आहे आणि डीआर हा अहरेफ्सचा. गुगल यातलं काहीच वापरत नाही. गुगलचा स्वतःचा पेजरँकचा आकडा टूलबारमध्ये दिसायचा, तोही 2016 मध्ये बंद झाला.

आणि हे आकडे फुगवता येतात. कुठल्या तरी साइटला हजारो फालतू लिंक्स जोडल्या की डीए चढतो, वाचक एकही वाढत नाही. मला विचाराल तर, डीए 60 असलेल्या पण कॅसिनो, कर्ज, क्रिप्टो आणि केसांचं तेल यांवर एकाच दिवशी लेख छापणाऱ्या साइटपेक्षा गुहागरच्या एखाद्या होमस्टेच्या साध्या साइटवरची लिंक आपल्या बागायतदारासाठी मोलाची आहे. तिचा डीए 8 असेल. पण तिथे मे महिन्यात कोकणात यायचं ठरवणारा माणूस येतो.

स्वस्त लिंक महाग कशी पडते

अमेरिकेतल्या जेसी पेनी या मोठ्या दुकान साखळीचं प्रकरण या विषयात नेहमी निघतं. 2010 च्या सणासुदीत कपडे, चादरी, गालिचे, काहीही शोधा, गुगलवर पहिलं नाव त्यांचंच. फेब्रुवारी 2011 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिलं, की कपड्यांशी काही संबंध नसलेल्या असंख्य साइट्सवर त्यांच्या लिंक्स पेरल्या आहेत. गुगलने हाताने कारवाई केली. सॅमसोनाइटच्या एका बॅगेच्या शोधात संध्याकाळी 7 वाजता ते पहिल्या नंबरवर होते, दोन तासांनी 71 व्या. कंपनी म्हणाली, आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं, आणि तिने आपल्या एसईओ फर्मला काढून टाकलं. पण गुगलवरून जी साइट खाली गेली ती कंपनीचीच गेली.

दुसरं प्रकरण वेळेच्या दृष्टीने जास्त बोलकं आहे. 2013 च्या फेब्रुवारीत ब्रिटनमधली इंटरफ्लोरा ही फुलं विकणारी कंपनी गुगलवरून जवळपास गायब झाली, अगदी स्वतःच्या नावाच्या शोधातही वर दिसेना. स्थानिक वर्तमानपत्रांच्या साइट्सवर तिने जाहिरातवजा लेख छापून घेतले होते. ब्रिटनमधला मदर्स डे तेव्हा तीन आठवड्यांवर आला होता, आणि तो फुलांच्या धंद्याचा मोठा दिवस. लिंक्स काढायला माणसं लावून ती दीड-दोन आठवड्यांत परत आली. आपल्या बागायतदाराचा सीझन मार्च ते मे. एप्रिलमध्ये साइट खाली गेली आणि लिंक्स काढून, गुगलला पुनर्विचाराचा अर्ज करून, उत्तर येईपर्यंत जून उजाडला, तर त्या वर्षीचा आंबा ऑनलाइन विकलाच गेला नाही असं समजा.

दरवेळी शिक्षाच होते असं मात्र नाही. 2012 मध्ये गुगलचा पेंग्विन अपडेट आला तेव्हा साइट्स धडाधड खाली गेल्या. 2016 पासून मात्र गुगल अशा लिंक्सना शिक्षा करण्यापेक्षा त्या मोजतच नाही, असा प्रकार जास्त. म्हणजे 5,000 रुपये गेले, बाकी काही नाही. डिसेंबर 2022 मध्ये गुगलने स्पॅमब्रेन ही यंत्रणा लिंक्सच्या कामाला लावली. ती लिंक विकत घेणारी साइट ओळखते आणि विकणारीही. विकणारी ओळखली गेली, की तिच्याकडून दिलेल्या सगळ्यांच्या लिंक्स एका दमात निरुपयोगी. तुम्ही त्यातल्या एका लिंकला 10,000 मोजले होते की 500, याने काही फरक पडत नाही.

पैसे देण्याआधी काय विचारायचं?

मागच्या तीन महिन्यांत तुम्ही मिळवलेल्या पाच लिंक्स दाखवा, हा पहिला प्रश्न. नमुन्याची यादी नको, चालू पानं हवीत. ग्राहकाचं नाव गुप्त आहे असं उत्तर आलं, तर पुढे बोलण्यात फारसा अर्थ नाही, कारण लिंक ही जगाला दिसणारी गोष्ट आहे.

पानं मिळाली की मोबाइलवर उघडून स्वतः वाचा. लेख वाचवतो का? शेजारी कोणत्या विषयांचे लेख आहेत? संपर्काच्या पानावर कोणी खरा माणूस, पत्ता आहे का? वेबॅक मशीनवर ते डोमेन टाकून बघा. पाच वर्षांपूर्वी तिथे एखाद्या शाळेची साइट होती आणि आज तिथे कर्जाचे लेख असतील, तर ते कोणीतरी उचललेलं जुनं डोमेन आहे. यासाठी कोणतंही टूल विकत घ्यावं लागत नाही.

मग पैशांचं. साइटवाल्याला किती जाणार आणि तुमचं काम किती, हे वेगळं लिहून मागा. लिंक किती काळ राहणार? काही जण ती महिन्याच्या भाड्याने देतात आणि पैसे थांबले की काढून टाकतात, म्हणजे तो खर्च कधी संपतच नाही. वर्षभरात लिंक गेली तर बदलून देणार का? प्रत्येक लिंकचा पत्ता एक्सेलमध्ये देणार का? ही यादी जपून ठेवा. उद्या काही काढायची वेळ आली तर यादीशिवाय शोधत बसावं लागतं. आणि महिन्याला अमुक इतक्या लिंक्सची गॅरंटी कोणी देत असेल तर सावध व्हा. दुसऱ्याच्या साइटवर काय छापलं जाईल हे एजन्सीच्या हातात नसतं. ते हातात आहे असं ती म्हणत असेल, तर साइट तिचीच आहे किंवा भाव आधीच ठरलेला आहे.

मग बजेट किती ठेवायचं?

माझं मत स्पष्ट आहे: महिन्याला 15,000 पेक्षा कमी बजेट असेल तर लिंक बिल्डिंगचा मासिक करार करूच नये. त्या पैशात एका माणसाचा अर्धा महिनासुद्धा येत नाही. तेच पैसे एकदाच एका चांगल्या पानावर घालावेत. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये जीआय मानांकन मिळालं, तरी शहरातल्या ग्राहकाला खरा हापूस ओळखता येत नाही. मोहोरापासून पेटीपर्यंत स्वतःच्या बागेतले फोटो, कर्नाटकी आंब्याशी शेजारी ठेवून तुलना, पिकवायचं कसं, असं एक पान मराठीत आणि इंग्रजीत बनवलं तर छायाचित्रकार आणि लेखक धरून 15,000 ते 20,000 लागतील. दरवर्षी एप्रिलमध्ये या विषयावर लिहिणाऱ्या पत्रकारांना आणि खाद्यब्लॉगवाल्यांना ते पाठवता येतं. ज्या होमस्टेला, दुकानदाराला तुम्ही माल देता, त्यांच्या साइटवर तुमचं नाव आधीच असेल तर त्याला लिंक करा एवढंच फोनवर सांगायचं असतं.

एजन्सी नेमलीच, तर काम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू करा. लिंक लागल्यावर तिचा परिणाम दिसायला महिने जातात, फेब्रुवारीत सुरू केलेलं काम त्या सीझनला उपयोगी पडत नाही. आगाऊ पैसे एकाच महिन्याचे द्या. सर्च कन्सोल फुकट आहे, त्याचा मालकी हक्क एजन्सीच्या ईमेलवर न ठेवता स्वतःच्या ईमेलवर ठेवा. त्यात लिंक्सचा अहवाल महिन्यातून एकदा उघडून एजन्सीच्या यादीशी ताडून बघा. तो अहवाल नमुन्यापुरता असतो, त्यामुळे एखादी लिंक दिसली नाही तर लगेच भांडायला जाऊ नका. पण यादीत नसलेल्या, कधी नाव न ऐकलेल्या साइट्सवरून अचानक शेकडो लिंक्स दिसल्या, तर पुढचा हप्ता देण्याआधी त्यांचा खुलासा मागा.