मराठवाड्यातील खाद्यपदार्थ व किराणा बाजार

मराठवाडा विभागाचा खाद्यबाजार ज्वारी, तूर, करडई, हळद, चिंच, गूळ आणि खवा या स्थानिक उत्पादनांवर उभा आहे. महाराष्ट्रातील छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव या ८ जिल्ह्यांत ही उत्पादने मोंढा, आठवडी बाजार, किराणा दुकाने, तेलघाणे, मिठाईची दुकाने आणि तीर्थक्षेत्रांतील पेढ्यांची दुकाने यांमधून विकली जातात. टिकाऊपणा हे यांतील बहुतेक पदार्थांचे समान लक्षण आहे. कमी व अनिश्चित पाऊस आणि मोठ्या शहरांपासूनचे अंतर यांमुळे साठवता येणारा किंवा दूरवर नेता येणारा माल येथे अधिक महत्त्वाचा ठरला. विभागातील काही उत्पादनांना २०१६ आणि २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

पार्श्वभूमी

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळाचा ठसा येथील बाजाराच्या भाषेवर व पदार्थांवर दिसतो. धान्याच्या घाऊक बाजाराला या विभागात सर्रास ‘मोंढा’ म्हणतात, तर लातूर येथील मध्यवर्ती बाजारपेठ ‘गंजगोलाई’ या नावाने ओळखली जाते. १९१७ मध्ये उभारलेल्या या वर्तुळाकार बाजारपेठेत १६ रस्ते एकत्र येतात आणि मध्यभागी जगदंबा देवीचे मंदिर आहे. रस्त्यांनुसार मालाचे प्रकार विभागलेले असणे, हे तिच्या मूळ रचनेचे वैशिष्ट्य होय.

पदार्थांच्या बाबतीत छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील नान खलिया हा मांसाहारी पदार्थ प्रसिद्ध आहे. मुहम्मद तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा त्याच्या सैन्याबरोबर हा पदार्थ आला, असे परंपरेने सांगितले जाते. उडदाच्या डाळीपासून बनवलेली इमरती ही याच शहराची परिचित मिठाई आहे.

बाजाराचे स्वरूप

मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांत खाद्यव्यापाराची रचना साधारणपणे सारखी असते. परभणी जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात, बीड जिल्ह्याच्या सीमेलगत वसलेले सोनपेठ हे अशा गावांपैकी एक होय. परळी वैजनाथ, गंगाखेड आणि पाथरी ही त्याच्या परिसरातील मोठी गावे आहेत. गोदावरीचे खोरे आणि दक्षिणेकडील बालाघाटाच्या रांगा यांच्या दरम्यानच्या या पट्ट्यात काळ्या जमिनीवरील ज्वारी, तूर, हरभरा व कापूस यांच्या जोडीला ओलिताखालचा ऊसही घेतला जातो.

शेतकऱ्याचा माल आडत दुकानात लिलावाने विकला जातो. भुसार दुकानात धान्य व डाळी, तर किराणा दुकानात साखर, चहा, तेल, गूळ, मसाले व सणावाराचे सामान मिळते. चहा, भजी, चिवडा, शेव आणि पेढा एकाच छपराखाली देणाऱ्या लहान उपाहारगृहास ग्रामीण भागात ‘हॉटेल’ असेच म्हटले जाते. उन्हाळ्यात रस्त्याकडेला उसाच्या रसाच्या रसवंत्या सुरू होतात. आठवडी बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतील लोक आठवड्याचा बाजार करतात. गावरान लसूण, वाळलेली मिरची, चिंच, जवस, कारळ आणि घरगुती कुरड्या-पापड्या यांसारखा माल नेहमीच्या दुकानांपेक्षा या बाजारात अधिक सहज मिळतो.

धान्य व डाळी

ज्वारी हे मराठवाड्याचे पारंपरिक मुख्य धान्य आहे. रब्बी ज्वारी, अर्थात शाळू, पावसाळ्यानंतर काळ्या जमिनीत साठलेल्या ओलाव्यावर वाढते. तिचे पांढरेशुभ्र, टपोरे दाणे भाकरीसाठी पसंत केले जातात, तर कडबा जनावरांचे मुख्य वैरण ठरतो. परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने (आताचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) ‘परभणी मोती’ व ‘परभणी ज्योती’ हे ज्वारीचे वाण विकसित केले. लोह व जस्ताचे प्रमाण अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ हा वाण २०१८ मध्ये प्रसारित झाला.

ज्वारीच्या पिठापासून भाकरी, धपाटे व आंबील हे पदार्थ करतात. ज्वारीचे दाणे हिरवे व कोवळे असताना कणसे शेणाच्या गोवऱ्यांच्या आगटीत भाजून हुरडा काढला जातो. हुरड्याबरोबर शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दही घेण्याची पद्धत आहे. मार्गशीर्ष अमावास्येला येणारी वेळ अमावास्या, म्हणजेच बोलीभाषेतील ‘येळवस’, हा लातूर व धाराशिव जिल्ह्यांचा महत्त्वाचा कृषी सण आहे. त्या दिवशी शेतात पूजा करून भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील यांचे वनभोजन होते.

डाळींच्या व्यापारात लातूरचे स्थान मोठे असून तेथे अनेक डाळ गिरण्या आहेत. निलंगा तालुक्यातील बोरसुरी या गावाची तूरडाळ तिच्या चवीसाठी ओळखली जाते. न्याहारीच्या पदार्थांत भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देऊन केलेला ‘सुशीला’ हा या विभागाचा खास पदार्थ आहे.

तेल, मसाले व चिंच

करडई हे मराठवाड्याचे पारंपरिक तेलबी पीक आहे. काटेरी असल्यामुळे शेताच्या कडेने तिच्या ओळी लावल्या जात, त्यामुळे जनावरांपासून आतल्या पिकाचे रक्षण होई. करडईच्या कोवळ्या पानांची भाजी करतात आणि बियांपासून खाद्यतेल काढतात. ‘परभणी कुसुम’ हा करडईचा वाणही परभणीच्या कृषी विद्यापीठाचा आहे. गावोगावच्या घाण्यांवर शेंगदाणा व करडईचे तेल काढून देण्याची पद्धत होती. स्वस्त पामतेल व सोयाबीन तेलामुळे हे घाणे कमी झाले. अलीकडे काही शहरांत लाकडी घाण्याचे तेल पुन्हा विकले जाऊ लागले आहे.

‘येसर’ हे या विभागाचे वैशिष्ट्यपूर्ण मसाल्याचे पीठ होय. धान्य, डाळ, धने, जिरे, सुके खोबरे व गरम मसाला भाजून ते एकत्र दळतात. पाण्यात कालवून उकळल्यावर त्याची दाट, झणझणीत आमटी होते. भाजी उपलब्ध नसतानाही करता येणारी ही आमटी कोरड्या हंगामातील जेवणाचा आधार होती. लग्नकार्यातही येसराला स्थान आहे.

हिंगोली जिल्ह्यातील वसमत ही हळदीची प्रमुख बाजारपेठ आहे. शेतातून काढलेले हळकुंड उकळून, उन्हात वाळवून व घासून चकचकीत केल्यावरच बाजारात आणले जाते. चिंचेसाठी लातूर जिल्ह्यातील पानचिंचोली हे गाव प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात चिंच झोडणे, फोडणे व चिंचोके वेगळे करणे या कामांतून ग्रामीण महिलांना हंगामी रोजगार मिळतो.

खवा व पेढे

खवा हा मराठवाड्यातील मिठाईचा कणा आहे. दूध उन्हाळ्यात काही तासांतच नासते. बालाघाटाच्या डोंगराळ भागातील गावांना पूर्वी रोजच्या रोज दूध शहरात पोहोचवणे शक्य नव्हते. दूध आटवून खवा केल्यास वजन घटते, माल काही दिवस टिकतो आणि तो एकाच फेरीत बाजारात नेता येतो. त्यामुळे धाराशिव जिल्ह्यातील भूम परिसरात खवा भट्ट्यांचा व्यवसाय वाढला.

खव्यासाठी उघड्या लोखंडी कढईत दूध मोठ्या आचेवर तापवून सतत ढवळले जाते. दूध घट्ट होऊ लागल्यावर आच कमी करतात आणि तळ खरवडत राहतात, अन्यथा खवा करपतो. कढईच्या कडा सोडून गोळा जमू लागला की खवा तयार झाला असे समजतात. म्हशीच्या सुमारे ५ लिटर दुधापासून १ किलो खवा मिळतो. गाईच्या दुधात घनपदार्थ कमी असल्याने त्याचा उतारा याहून कमी पडतो. पेढा व बर्फीसाठी घट्ट ‘पिंडी’, गुलाबजामसाठी मऊ ‘धाप’, तर कलाकंदासाठी ‘दाणेदार’ खवा वापरतात.

भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. आचार्य शांतिसागर यांनी १९५५ मध्ये येथे सल्लेखना घेतली. यात्रेकरूंच्या वर्दळीमुळे येथील खव्याच्या पेढ्याची ख्याती दूरवर पसरली. परळी वैजनाथ, तुळजापूर आणि औंढा नागनाथ या तीर्थक्षेत्रांतही पेढे, बत्तासे व चुरमुरे यांची दुकाने मंदिराच्या वाटेवर दिसतात.

सणावारातील गोड पदार्थ

मिठाईच्या व किराणा दुकानांतील माल सणांनुसार बदलतो. मकरसंक्रांतीला तीळ, चिक्कीचा गूळ व हलवा, गुढीपाडव्याला साखरेच्या गाठी, नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या, तर रमजानच्या काळात खजूर, शेवया व शीरखुर्म्यासाठीचा सुकामेवा मांडला जातो. गाठी साखरेच्या पाकापासून लाकडी साच्यांत दोरा ठेवून करतात. जत्रांमध्ये रेवड्या व गोडीशेव, आणि लग्नकार्यात बुंदी व बालुशाही हे पदार्थ रूढ आहेत. जायकवाडी प्रकल्पाच्या कालव्यांमुळे परभणी व शेजारच्या जिल्ह्यांत उसाचे क्षेत्र वाढले. बहुतांश ऊस साखर कारखान्यांना जात असला, तरी हंगामात गुऱ्हाळांवर गूळ व काकवीही मिळते.

भौगोलिक मानांकन

भौगोलिक मानांकन कायदा १९९९ मध्ये संमत झाला व २००३ पासून लागू आहे. नोंदणी १० वर्षांसाठी असते व तिचे नूतनीकरण करता येते. नाव वापरण्यासाठी उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. मराठवाड्यातील मानांकित खाद्योत्पादनांपैकी काही पुढीलप्रमाणे:

• मराठवाडा केशर आंबा (२०१६)
• जालना मोसंबी (२०१६)
• बीड सीताफळ (२०१६)
• वसमत हळद, हिंगोली (२०२४)
• जालना दगडी ज्वारी (२०२४)
• बोरसुरी तूरडाळ, लातूर (२०२४)
• पानचिंचोली चिंच, लातूर (२०२४)
• कास्ती कोथिंबीर, लातूर (२०२४)
• कुंथलगिरी खवा, धाराशिव (२०२४)

बदल व आव्हाने

गेल्या काही दशकांत मराठवाड्यात सोयाबीनचे क्षेत्र मोठ्या प्रमाणावर वाढले आणि खरीप ज्वारीचे घटले. रब्बी हंगामात हरभऱ्याने ज्वारी व करडईची जागा घेतली. सोयाबीन नगदी पीक असून त्याची काढणी यंत्राने होते. ज्वारीच्या काढणी-मोडणीस मात्र मजूर अधिक लागतात. या बदलाचा परिणाम भाकरीपुरता मर्यादित नाही. ज्वारी घटली की कडबाही घटतो, कडबा महागला की दुभती जनावरे सांभाळणे अवघड होते आणि त्याचा ताण दूध व खव्यावर पडतो. दुष्काळी वर्षांत वैरणीच्या टंचाईमुळे हा संबंध अधिक ठळकपणे दिसतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केल्यानंतर ज्वारीची बिस्किटे, रवा व पोहे यांसारखे प्रक्रिया केलेले पदार्थ शहरी दुकानांत अधिक दिसू लागले.

भेसळ हा मिठाईच्या व्यवसायातील दुसरा प्रश्न आहे. सणासुदीला मागणी वाढल्यावर खव्यात पिठूळ पदार्थ किंवा वनस्पती तूप मिसळण्याचे प्रकार घडतात. अन्न सुरक्षा मानकांनुसार खव्याच्या शुष्क भागात किमान ३० टक्के दुग्धस्निग्धांश असणे आवश्यक आहे. खव्याचा लहान नमुना पाण्यात उकळून थंड केल्यावर त्यात आयोडीनचे थेंब टाकल्यास निळा रंग येणे, ही पिष्टमय भेसळीची प्राथमिक खूण मानली जाते. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईसमोर ‘या तारखेपर्यंत वापरणे उत्तम’ अशी तारीख दर्शवणे दुकानदारांना बंधनकारक करण्यात आले.

मानांकनामुळे नावाला कायदेशीर संरक्षण मिळते, परंतु त्याचा लाभ उत्पादकांची नोंदणी, मालाची प्रतवारी आणि वेष्टन यांवर अवलंबून असतो. पारंपरिक खवा भट्टीवरील लाकडाचा वापर व धूर कमी करणे, खव्यासाठी शीतगृहाची सोय करणे आणि गावातील उत्पादकाला थेट ग्राहक मिळवून देणे, ही या क्षेत्रापुढील प्रमुख कामे आहेत.

हेसुद्धा पहा

• मराठवाडा
• सोनपेठ तालुका
• ज्वारी
• खवा
• वेळ अमावास्या
• महाराष्ट्रातील भौगोलिक मानांकने