मोफत व सशुल्क अँटीव्हायरस

घरगुती संगणकावर वापरल्या जाणाऱ्या अँटीव्हायरस (प्रतिविषाणू) आज्ञावली मोफत व सशुल्क अशा दोन प्रकारे उपलब्ध असतात. सशुल्क आवृत्तीसाठी बहुधा वार्षिक वर्गणी भरावी लागते. घातक फाइल ओळखण्याची मूळ क्षमता हा या दोहोंमधील मुख्य फरक मानला जातो, पण ते पूर्णतः खरे नाही. अनेक उत्पादक दोन्ही आवृत्त्यांत एकच शोधयंत्रणा वापरतात. पैसे मोजावे लागतात ते प्रामुख्याने तंत्रसाहाय्य, पालक नियंत्रण, पासवर्ड व्यवस्थापक, व्हीपीएन यांसारख्या जोड सुविधांसाठी.

पार्श्वभूमी

इंटरनेट महाग व मंद असताना विषाणूंचा प्रसार फ्लॉपी, सीडी व पुढे पेन ड्राइव्हमधून होत असे. पुण्यात संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातून पुढे आलेले कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय काटकर यांनी विकसित केलेले क्विक हील हे या काळातील महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय. कंपनीचे मूळ नाव कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस असे होते. त्या काळी घरगुती ग्राहकापुढे निवड बहुधा दोनच गोष्टींत असे: विकतची आज्ञावली किंवा तिची चोरटी प्रत. चोरटी प्रत हीच अनेकदा विषाणूची वाहक ठरे.

विंडोजमधील अंगभूत संरक्षण

मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये सिक्युरिटी इसेन्शियल्स मोफत उपलब्ध केले. २०१२ च्या विंडोज ८ पासून विंडोज डिफेंडर हा पूर्ण अँटीव्हायरस म्हणून संचालन प्रणालीतच समाविष्ट झाला. त्यामुळे मूळ प्रश्नाचे स्वरूप बदलले. आज नव्या विंडोज संगणकावर अँटीव्हायरस आधीच असतो. निवड करायची ती त्याच्या जागी दुसरा आणण्याची गरज आहे का, याची. दुसरी आज्ञावली स्थापित केल्यावर डिफेंडरचे सततचे संरक्षण सामान्यतः आपोआप थांबते, कारण दोन अँटीव्हायरस एकाच वेळी कार्यरत राहिल्यास ते परस्परांच्या कामात अडथळा आणतात व संगणक मंदावतो.

नव्या संगणकासोबत येणाऱ्या चाचणी आवृत्तीची मुदत संपल्यावर तिचे अद्ययावतीकरण थांबते. ती आज्ञावली तशीच ठेवणारा वापरकर्ता संरक्षण आहे असे समजत राहतो. अशा वेळी नूतनीकरण करणे किंवा ती पूर्णपणे काढून डिफेंडर सुरू असल्याची खात्री करणे, हेच दोन सुरक्षित मार्ग उरतात.

मोफत सेवेची किंमत

मोफत आवृत्ती देणाऱ्या कंपन्या उत्पन्न मुख्यतः सशुल्क आवृत्तीच्या जाहिरातींतून मिळवतात, क्वचित वापरकर्त्याच्या माहितीतूनही. अवास्ट या कंपनीचे प्रकरण या संदर्भात सर्वाधिक गाजले. तिच्या जम्पशॉट या उपकंपनीमार्फत वापरकर्त्यांच्या संकेतस्थळ-भेटींची माहिती विकली जात असल्याचे उघड झाल्यावर जानेवारी २०२० मध्ये जम्पशॉट बंद करण्यात आली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये अवास्टवर १ कोटी ६५ लाख डॉलरची आर्थिक जबाबदारी टाकली आणि जाहिरातीसाठी अशी माहिती विकण्यास मनाई केली. पाळत रोखण्याचे आश्वासन देणाऱ्या आज्ञावलीनेच पाळत ठेवावी, हा यातील विरोधाभास होय.

‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे शब्द समानार्थी नाहीत. क्लॅमएव्ही ही मुक्त स्रोत आज्ञावली आहे. मात्र विंडोजवर ती स्वतःहून सतत पहारा देत नाही. याउलट, बऱ्याच मोफत आज्ञावलींचा परवाना केवळ वैयक्तिक वापरापुरता असतो. घरातील संगणकावर शिकवणीचे वा दुकानाचे हिशेब ठेवले जात असल्यास ही अट तपासावी लागते.

मर्यादा

मे २०१७ मधील वॉनाक्राय या खंडणी-विषाणूने विंडोजमधील ज्या त्रुटीचा लाभ घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये प्रसिद्ध केली होती. ती वेळेवर बसवलेल्या संगणकांत हा विषाणू त्या त्रुटीतून शिरू शकत नव्हता, मग अँटीव्हायरस मोफत असो वा विकतचा. फोनवरून ओटीपी विचारणाऱ्या भामट्यापुढे तर दोन्ही प्रकार निष्प्रभ ठरतात. फाइलींची वेगळ्या, एरवी न जोडलेल्या डिस्कवर ठेवलेली प्रत खंडणी-विषाणूनंतर उपयोगी पडते.

शोधक्षमतेची तुलना जर्मनीतील एव्ही-टेस्ट व ऑस्ट्रियातील एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या प्रयोगशाळा नियमितपणे प्रसिद्ध करतात. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ पासून संसर्ग काढण्याची साधने विनामूल्य उपलब्ध करून दिली आहेत.