जुन्या क्लॅरिओनेटचा चढा सूर

एखादी जुनी विलायती क्लॅरिओनेट पेटीशी काही केल्या जुळत नाही, तेव्हा वादकाला अगर लाकडाला बोल लावला जातो. तिच्या अंगावर 'एच. पी.' ही अक्षरे कोरलेली आहेत काय, हे आधी पाहावे. 'हाय पिच', अर्थात चढी पट्टी.

पाश्चात्त्यांचा 'ए' हा स्वर फ्रान्सने १८५९ साली सरकारी हुकुमाने सेकंदाला ४३५ कंपनांवर बांधला. इंग्लंडात मात्र तो ४५२ च्या आसपास चढला. सभागृहांतील वाद्यवृंद खाली उतरले तरी लष्करी बँड १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्याच उंचीवर वाजत राहिले. लंडनच्या परिषदेत १९३९ साली ४४० हा आकडा ठरला. अंतर जवळजवळ पाव स्वराचे!

ते बॅरल बाहेर ओढून भरून निघत नाही. मुखाजवळच्या छिद्रांचा हवास्तंभ आखूड, म्हणून ते स्वर फार उतरतात. सर्व छिद्रे झाकून निघणारा खर्जाचा स्वर जेमतेम हलतो. छिद्रे कोरून मोठी करावीत, तर सूर आणखीच चढतो आणि चांगले वाद्य कायमचे जाते.

आपल्या संगीतात मात्र षड्ज कंपनसंख्येला जखडलेला नाही. तंबोरा तिच्याच षड्जावर मिळवला, की बेसुरी ठरलेली ही क्लॅरिओनेट सुरात येते. पेटी तेवढी बाजूस ठेवावी.