गळ्याचं गाव

आमच्या येलदरीचं नाव झालं पूर्णेवरच्या धरणामुळे. गोव्यात फोंड्याजवळच्या केरीचं झालं एका गळ्यामुळे. रजा टाकून मी ते गाव पाहून आलो. सूरश्री केसरबाई केरकर १८९२ साली इथल्याच. कलावंत घरातल्या बाईला त्या काळी मान मैफलीपुरता. आज गावातल्या शाळेलाच त्यांचं नाव आहे!

१९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून त्यांची भैरवी अंतराळात निघाली. दुसरं यान ५ सप्टेंबरला उडालं; १६ला बाई गेल्या. आम्ही बँकवाले जिंतूरला बदली झाली तरी हवालदिल होतो. केरीच्या लेकीचा सूर मात्र २०१२ साली सौरवाऱ्याची वेस ओलांडून गेला! भैरवी झाली की मैफल संपते म्हणतात. ही भैरवी अजून चाललीच आहे.